ऑक्टोबरात मोजायचं पाणी

मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे १२ एप्रिल २०१६ रोजी लातुरात पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत साधारण पन्नास हजार लिटर, म्हणजे सगळं मिळून पाच लाख लिटर पाणी. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांवर होती. माणशी जेमतेम सव्वा लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. शहराची तहान भागवणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. त्याच वर्षीच्या परतीच्या पावसात ते धरण भरलं.

त्या उन्हाळ्याचा विषय निघाला की सगळ्यांना रेल्वे आठवते. मला त्याआधीचा, म्हणजे २०१५ चा ऑक्टोबर जास्त महत्त्वाचा वाटतो. पाऊस संपला होता. धरणात किती आहे, विहिरीत किती आहे, हे दिसत होतं. पुढचे आठ महिने ते कसं पुरवायचं हे ठरवायला हाताशी वेळही होता. एप्रिलमध्ये उरतो तो टँकर, नाहीतर आणखी खोल बोअर. लातूर आणि नांदेडमधल्या गावांनी भूजलाचं नियोजन करायचं म्हणजे ऑक्टोबरात आपलं पाणी मोजायचं आणि रब्बीची पेरणी होण्याआधी त्याची वाटणी करायची. ही मोजणी वाटते तितकी अवघड नाही, मात्र त्यासाठी आधी पायाखालचा दगड समजून घ्यावा लागतो.

मराठवाड्याचा बहुतेक भाग लाव्हाच्या थरांवर उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हा पुन्हा पसरला, थंड झाला, त्यावर पुढचा थर आला. भाकरींची चवड रचावी तसे हे थर एकावर एक आहेत. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल भोक पाडून पाहिलं, तेव्हा सुमारे ३४० मीटरपर्यंत बेसॉल्टच लागला आणि त्याखाली जुना ग्रॅनाइटी पाया सापडला. म्हणजे हजार फुटांची बोअर घेतली तरी लातूरकर बहुतेक ठिकाणी याच थरांमध्ये असतो.

प्रत्येक थराचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. खालचा भाग गच्च, काळा पाषाण. त्यात पाणी राहतं ते फक्त भेगांमध्ये. वरचा भाग लाव्हातल्या वायूंच्या बुडबुड्यांमुळे छिद्रांचा झालेला, विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो. हा दगड लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो आणि पाणी धरतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूचा लाल पट्टा लागतो. तो चिकणमातीसारखा असल्यामुळे पाणी खाली जाऊ देत नाही, अडवून धरतो. जुन्या विहिरीत उतरून पाहिलं तर बहुतेक झरे एका विशिष्ट पातळीवरूनच येताना दिसतात. ती पातळी म्हणजे कुजलेल्या मांजऱ्याचा तळ किंवा दोन थरांचा सांधा. पाणी नेमकं तिथे असतं, सगळीकडे नसतं.

आणि असतं ते थोडं. भूजलाचा अंदाज बांधताना बेसॉल्टसाठी जो आकडा वापरला जातो तो एक ते तीन टक्के, मध्यावर दोन. म्हणजे पाण्याने भरलेला एक घनमीटर खडक पूर्ण निथळला तर त्यातून वीस लिटर पाणी मिळतं. उत्तरेकडच्या गंगेच्या मैदानात वाळूचे जाड थर याच्या कित्येक पट पाणी देतात. म्हणून तिथले उपाय आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. आपला साठा उथळ आहे, तुटक आहे, दर पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यात रिकामा होतो.

नांदेडच्या पूर्वेला देगलूर, बिलोलीकडे गेलं की लाव्हाचं आवरण संपून ग्रॅनाइट वर येतो. तिथे वरचा कुजका मुरूम हाच मुख्य साठा, त्याखाली भेगा लागल्या तर लागल्या. अशा खडकात खोलवरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असण्याची शक्यता असते, त्यामुळे पिण्यासाठी खोल बोअर घेतली तर पाण्याची तपासणी करूनच नळाला जोडावी.

आता बोअरबद्दल. एकाच्या बोअरला दोन इंची पाणी लागतं आणि वीस पावलांवर शेजाऱ्याच्या बोअरमधून नुसता फुफाटा उडतो, याचं कारण आता लक्षात येईल. सहा-साडेसहा इंचांचं भोक भेगेत गेलं तर पाणी, पाषाणात गेलं तर धूळ. पाणाड्या हातात नारळ घेऊन जागा दाखवतो, शेतकरी कर्ज काढून मशीन बोलावतो आणि एका बोअरच्या जागी चार पाडतो. विहीर रुंद असते, आडव्या भेगा कापत जाते, वरच्या थरातलं पाणी गोळा करते आणि रात्रभरात पुन्हा भरते. म्हणून या दगडाला विहीर जास्त मानवते.

खोल बोअरचं आणखी एक नुकसान फारसं बोललं जात नाही. वरचे वीस-तीस फूट केसिंग टाकून खाली भोक उघडंच सोडलं जातं. त्या उघड्या भोकातून वरच्या मांजऱ्यातलं पाणी थेट खालच्या थरात उतरतं. ज्या गेरूच्या पट्ट्याने हजारो वर्षं पाणी वर धरून ठेवलं होतं, त्याला आपण भोक पाडलेलं असतं. मग माळावरच्या लहान शेतकऱ्याची विहीर जानेवारीतच तळ गाठते आणि त्याला वाटतं, पाऊस कमी झाला. खालच्या थरात जे पाणी आहे ते तिथे साठायला फार काळ लागलेला असतो आणि दर पावसाळ्यात ते भरून येत नाही. पाचशे फुटांवरचं पाणी तीन वर्षं उपसलं की मशीन आठशे फुटांवर जातं.

म्हणून मोजायचं ते वरचं, दरवर्षी भरणारं पाणी. त्यासाठी गावातल्या आठ-दहा विहिरी निवडाव्यात. काही माळावरच्या, काही मधल्या उतारावरच्या, काही नाल्याकाठच्या. मे अखेरीला काठापासून पाणी किती खोल आहे ते दोरीला वजन बांधून मोजायचं, ऑक्टोबरात पुन्हा मोजायचं. मोजण्याआधी रात्रभर मोटार बंद हवी. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. पण तिची विहीर तुमच्या गावात असेलच असं नाही. म्हणून गावाने स्वतःच्या विहिरी मोजायच्या आणि यंत्रणेच्या आकड्यांशी ताडून पाहायच्या.

समजा गावाचं शिवार एक हजार हेक्टर आहे आणि मे ते ऑक्टोबर या काळात विहिरींचं पाणी सरासरी चार मीटर वर आलं. एक हजार हेक्टर म्हणजे एक कोटी चौरस मीटर. त्याला चार मीटरने गुणलं आणि दोन टक्के घेतले की आठ लाख घनमीटर, म्हणजे ऐंशी कोटी लिटर. दुसऱ्या बाजूने पडताळा घेता येतो. लातूरचा सरासरी पाऊस आठशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातला साधारण दहा टक्के जमिनीत मुरून भूजलाला मिळाला असं धरलं तर ऐंशी मिलिमीटर, आणि ऐंशी मिलिमीटर गुणिले एक कोटी चौरस मीटर म्हणजे पुन्हा आठ लाख घनमीटर. दोन हिशेब जवळपास जुळले तर आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. फार फरक पडला तर आधी विहिरींची निवड तपासायची.

आता खर्च. यातला निदान दहावा हिस्सा नाल्याचा, झाडांचा, जमिनीखालून वाहून जाणारा. तो आपला नाही, ऐंशी हजार घनमीटर सोडून द्यायचे. दोन हजार वस्तीच्या गावाला जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने वर्षाला चाळीस हजार घनमीटर लागतात. पाचशे जनावरांना रोज पन्नास लिटरप्रमाणे आणखी नऊ हजार. म्हणजे माणसं आणि गुरं मिळून पन्नास हजार घनमीटरसुद्धा लागत नाहीत, एकूण साठ्याच्या सहा टक्के. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. मराठवाड्यातल्या गावात पिण्याचं पाणी संपतं ते पिण्यामुळे संपत नाही. शंभरातले सहा वाटे कोणी राखून ठेवले नाहीत, म्हणून संपतं.

उरले सुमारे पावणेसात लाख घनमीटर शेतीला. पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं. पावसाचा वाटा वजा केला तरी दीड कोटी लिटर, म्हणजे पंधरा हजार घनमीटर विहिरीतून काढावे लागतात. या हिशेबाने अख्ख्या गावाचं पाणी पंचेचाळीस हेक्टर उसात संपतं. हजारातले पंचेचाळीस. त्याऐवजी हरभऱ्याला सहा-सहा सेंटिमीटरची दोन पाणी द्यायची ठरवली तर हेच पाणी साडेपाचशे हेक्टरांना पुरतं. लातूरच्या पन्नास वाघिणींच्या गाडीच्या सहा खेपा म्हणजे एक हेक्टर उसाचं विहिरीचं पाणी. ठिबकने उसाचं पाणी बरंच वाचतं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला तर गावाच्या हिशेबात काहीच शिल्लक राहत नाही.

शेतकरी ऊस का लावतो हेही समजून घ्यायला हवं. उसाला ठरलेला भाव आहे, कारखाना तोडून नेतो, गारपिटीने तो हरभऱ्यासारखा एका दिवसात संपत नाही. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या खरेदीची तशी खात्री नसताना शेतकऱ्याला नुसतं पाणी वाचव म्हणणं अन्यायाचं आहे. लातूरची बाजारपेठ डाळींसाठी आणि सोयाबीनसाठी देशभर ओळखली जाते. कमी पाण्याची पिकं टिकवायची तर तिथला भाव टिकवणं हा भूजलाच्याच धोरणाचा भाग मानला पाहिजे.

पाऊस कमी झालेल्या वर्षी हिशेब आणखी कडक होतो. पाऊस निम्मा झाला म्हणजे मुरणारं पाणी निम्मं होतं असं नाही, त्याहून कमी होतं. भारी काळ्या जमिनीतल्या भेगा पहिले पाऊस पिऊन घेतात, ती माती आपली ओल पुरी करते आणि मगच खाली काही सोडते. ओली झाली की ती फुगते, भेगा मिटतात आणि वरून पाणी वाहू लागतं. म्हणून शिवारातली खरी मुरण्याची जागा म्हणजे माळ, बरड, मुरमाड उतार आणि नाल्याचा तळ. बालाघाटच्या पठारांवर हे माळ बऱ्याचदा गायरान असतात. ते प्लॉटिंगला किंवा मुरूम उपशाला गेले की गावाच्या विहिरींचं तोंडच बुजतं. गायरान राखणं हे चराईइतकंच पाण्याचंही काम आहे.

पाणी अडवण्याची कामंही याच दगडाच्या तर्काने करायची. आधी माथ्यावर, म्हणजे माळावर सलग समतल चर, झाडं, गवत. मग मधल्या उतारावर बांधबंदिस्ती. शेवटी नाल्यात बंधारे. जलयुक्त शिवारच्या काळात आणि त्यानंतरही अनेक गावांनी पायथ्यापासून सुरुवात केली, कारण यंत्राने नाला खोल करणं दिसायला झटपट होतं. पण नाला गेरूच्या पट्ट्याच्या खाली किंवा मांजऱ्याच्या तळापर्यंत खोदला की काठावरच्या विहिरींचं पाणी त्या खंदकात उतरून वाहून जाऊ शकतं. किती खोल जायचं हे त्या जागेवरचा दगड पाहून ठरवावं, मशीन किती खोल जातं त्यावरून नव्हे. गाळ काढणं मात्र निर्विवाद चांगलं. साचलेला गाळ पाणी मुरू देत नाही आणि तो शेतात टाकला तर हलकी जमीन सुधारते.

शेततळ्याबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवणारं शेततळं उत्तम. पण प्लास्टिक अंथरून, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोअर चालवून भरलेलं शेततळं म्हणजे सगळ्या गावाचं जमिनीखालचं पाणी एकाच्या शेतात वर काढून उन्हात ठेवणं. मराठवाड्यात उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड-दोन मीटर थर उडून जातो. जमिनीखाली हे बाष्पीभवन होत नाही. अशा तळ्यांना अनुदान देताना ती कशाने भरणार हे विचारलं गेलं पाहिजे.

कंधारजवळ राष्ट्रकूटांच्या काळात जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव बांधला गेला. तलावाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर मिळतो, हे ज्ञान आपल्याकडे जुनं आहे. गावागावांतल्या बारवा बहुधा अशाच पाझराच्या ओळीत सापडतात. त्या साफ केल्या आणि त्यांचं पाणी मोजलं, तर गावाला आयत्या निरीक्षण विहिरी मिळतील.

यात हवामानबदल कुठे बसतो? मराठवाड्यात आता थोड्याच वर्षांत दोन्ही टोकं अनुभवाला येतात. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि सोयाबीन नेमकं फुलाच्या-शेंगांच्या अवस्थेत होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात लेंडी नदीकाठची गावं एका रात्रीच्या पावसात पाण्याखाली गेली, माणसं दगावली. पुढच्याच महिन्यात मराठवाडाभर अतिवृष्टी झाली. इतका पाऊस पडला म्हणजे भूजलाचा प्रश्न पुढची काही वर्षं मिटला, असं वाटणं साहजिक आहे. पण आपला साठा उथळ आहे. विहीर काठोकाठ भरली की त्यानंतरचा प्रत्येक थेंब वाहून जातो. एका ओल्या वर्षातलं जादा पाणी पुढच्या दोन कोरड्या वर्षांसाठी या दगडात ठेवता येत नाही.

म्हणून नियोजन दोन प्रकारच्या वर्षांसाठी करावं लागतं. खरिपात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने सांगितलेली रुंद वरंबा-सरी पद्धत दोन्हीकडे उपयोगी पडते. जास्त पाऊस झाला तर सरीतून पाणी निघून जातं, खंड पडला तर सरीतली ओल पिकाला धरते. सोयाबीनमध्ये तूर आंतरपीक असेल तर एक बुडालं तरी दुसरं हाती लागतं. आणि भूजलातला एक हिस्सा ऑगस्टमधल्या खंडाच्या वेळी एका संरक्षित पाण्यासाठी राखून ठेवता येतो. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ते एक पाणी अख्ख्या हंगामाचं उत्पन्न वाचवतं, आणि माझ्या मते पाण्याच्या वाटणीत त्याचा हक्क उसाच्या बाराव्या पाळीच्या आधी लागला पाहिजे.

गावात खोल बोअर आधीच असतील. त्यातली एखादी चांगली बोअर ग्रामपंचायतीने करार करून कुलूपबंद ठेवावी. चांगल्या वर्षी तिला हात लावायचा नाही. लागोपाठ दुसरा दुष्काळ आला तर ती फक्त पिण्यासाठी उघडायची.

कायदा आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा १ जून २०१४ पासून लागू झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताभोवती ५०० मीटरमध्ये नवी विहीर किंवा बोअर घेण्यास तो मनाई करतो आणि साठ मीटरपेक्षा खोल बोअरवर नियंत्रण आणतो. तो गावात पोचलेला मात्र फारसा दिसत नाही. रात्री मशीन येतं, सकाळी पाणी लागलेलं असतं, आणि तक्रार करायची म्हणजे भावकीशी वैर. त्यामुळे जिथे नियम टिकला तिथे तो गावाने स्वतः घातलेला होता. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असं ठरवलं आणि पाऊस मोजून दरवर्षी पिकं ठरवली. त्याआधी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीवर न ठेवता घरातल्या माणसांवर ठेवला, भूमिहीनांनाही दिला आणि उसाला नाकारला. अटल भूजल योजनेत लातूर जिल्ह्याचा समावेश झाला, तिथल्या निवडक गावांत पाण्याचा ताळेबंद मांडण्याचं काम झालं आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात लातूर आणि नांदेड दोन्ही आहेत. कागद तयार आहेत. ते ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावेत.

त्या ग्रामसभेत नेमकं काय ठरवायचं? समजा यंदा पाणी चार मीटरऐवजी दीडच मीटर चढलं. तर साठा तीन लाख घनमीटर. नाल्याचे तीस हजार आणि माणसा-गुरांचे पन्नास हजार वजा जाता दोन लाख वीस हजार उरतात. यात हरभऱ्याला एकच पाणी दिलं तर साडेतीनशे हेक्टर भिजतात. मग नवा ऊस नाही, उन्हाळी भुईमूग नाही, सार्वजनिक विहिरीभोवतीच्या मोटारी फेब्रुवारीपासून बंद, आणि ज्यांच्या मोटारी बंद होतील त्यांना बाकीच्यांनी चाऱ्याचा किंवा पैशाचा वाटा द्यायचा. हा शेवटचा भाग सोडला की ठराव मोडतो, कारण पिण्याच्या विहिरीशेजारी ज्याचं शेत आहे त्यानेच सगळ्यांची झीज का सोसायची? सभेला बायका हव्यात. उन्हाळ्यात हंडा घेऊन किती लांब जावं लागतं आणि कोणती विहीर कधी आटते, हे त्यांना तोंडपाठ असतं.

मग मे अखेरीला त्याच विहिरी, तीच दोरी. ऑक्टोबरपासून पाणी किती मीटर उतरलं ते मोजायचं आणि त्याच रीतीने गुणायचं, म्हणजे गावाने खरोखर किती वापरलं ते कळतं. ठरलं होतं त्याहून जास्त उतरलं असेल, तर कुठल्या बाजूच्या विहिरी जास्त उतरल्या ते पाहायचं. चोरीची मोटार, नवी बोअर किंवा चुकीचा धरलेला दोन टक्क्यांचा आकडा, यातलं काहीतरी सापडतं. तो आकडा दुरुस्त करून वहीत लिहायचा आणि पुढच्या ऑक्टोबरचा हिशेब त्याने मांडायचा. तीन-चार वर्षांत प्रत्येक गावाला आपल्या दगडाचा स्वतःचा आकडा मिळतो.